फाशांच्या खेळात आपली भुते कशी आणावीत

दादरला एका मित्राच्या घरी महिन्यातून एकदा जमणाऱ्या आमच्या रोलप्लेइंग खेळात (यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, एक जण गोष्ट चालवतो आणि काय साधले ते फासा ठरवतो) मी पहिल्यांदा मुंजा आणला, तेव्हा त्याला २२ हिट पॉइंट, म्हणजे मरण्यापूर्वी सोसता येणाऱ्या घावांचे गुण, दिले होते आणि तो दुसऱ्याच फेरीत मेला. वीस बाजूंच्या फाशावर नेमके वीस पडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि चहा घेऊन आलेल्या मित्राच्या आजीने विचारले, "अरे, मुंज्याला कोणी मारतं का? त्याच्या नावानं मुंज झालेल्या एखाद्या मुलाला जेवू घालतात." मुंज झाली पण सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य संपल्याचा विधी, होण्याआधीच गेला, असा तो पिंपळावरचा मुलगा, त्याचे काहीतरी राहून गेले आहे एवढीच त्याची गोष्ट, आणि मी तीच गाळून त्याला नखे दिली होती. ही चूक टाळू पाहणाऱ्या, खेळ चालवणाऱ्या मंडळींसाठी पुढील पद्धत लिहिली आहे.

सुरुवात करण्यापूर्वी या खेळांनी आशियाई अमानवी पात्रांचे आजवर काय केले आहे, ते पाहून ठेवावे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्यात राक्षस आला. मात्र तो रामायणातून न येता, १९७४ च्या डिसेंबरमध्ये दाखवल्या गेलेल्या 'कोल्चॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागातून आला. विश्वासातल्या माणसाचे रूप घेऊन जवळ येणे आणि मंतरलेल्या बाणाने मरणे, हे त्याचे दोन्ही गुण त्या भागातले आहेत. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या खेळाच्या अमानवी पात्रांच्या पुस्तकातील चित्राने त्याला वाघाचे तोंड दिले आणि तेच कायम झाले; २०१४ च्या आवृत्तीत त्याला ११० हिट पॉइंट आहेत. आता वाघाचे तोंड ही शुद्ध थाप आहे, असे म्हणता येत नाही, कारण वाल्मीकींच्या सुंदरकांडात सीतेभोवती बसलेल्या राक्षसींमध्ये वाघाच्या तोंडाच्याही आहेत. पण त्याच ओळीत डुकराच्या, हरणाच्या, म्हशीच्या आणि बोकडाच्या तोंडाच्याही आहेत. खेळाने त्यांतले एक तोंड उचलून साऱ्या कुळाला चिकटवले, आणि पुलस्त्याचा नातू रावण, रामाला जाऊन मिळणारा बिभीषण, भीमाची बायको हिडिंबा व तिचा घटोत्कच या सगळ्यांची नाती त्या मुखवट्यामागे गेली.

असेच मलाय लोककथांतल्या पेनांग्गालानचे झाले, जी १९८१ च्या 'फिएन्ड फोलिओ' या त्याच खेळाच्या तशाच पुस्तकात आली. रात्री आतड्यांसकट धडापासून सुटणारे बाईचे डोके हे चित्र भयंकर आहे खरे. पण ती बाळंतिणीच्या घराकडे येते आणि तिची आतडी अडकावीत म्हणून घराला काटेरी पाने बांधतात, हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. आपल्याकडची अळवंत, म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई, हिच्या शेजारी तिला बसवून पाहावे, म्हणजे बाळंतपणाच्या भीतीने दोन दूरच्या मुलुखांत कशी दोन रूपे घेतली ते दिसते. नुसती यादी करणे हाच पाश्चात्त्यांचा दोष, असे मात्र समजू नये. जपानमध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ मध्येच अशा अमानवी पात्रांचे सचित्र कोशवजा पुस्तक काढले होते.

आपले पात्र तयार करताना शरीराकडे सर्वांत शेवटी यावे. कागदावर प्रथम त्याची हद्द लिहावी, कारण आपल्याकडचे भूत किंवा देवचार (गावाची राखण करणारा अमानवी) गावाच्या शिवेला, विहिरीला, झाडाला बांधलेला असतो आणि हद्द ओलांडली की त्याची सत्ता संपते. त्याखाली ते काय मागते, काय दिले असता सोडते आणि कशाने चिडते, हे लिहावे. उदाहरणार्थ, वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे तिथल्या ग्रामदेवाला, भक्त केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, आणि रात्री गावाची राखण करत फिरल्यामुळे त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. झिजलेल्या चपला या एका तपशिलातून जे दृश्य उभे राहते, ते कोणत्याही आकड्यांच्या तक्त्यातून उभे राहत नाही. चकव्याला तर शरीरच नसते. तो वाट चुकवतो आणि त्यात सापडलेल्याने उजाडेपर्यंत एका जागी बसून राहावे, असे जुनी माणसे सांगतात. म्हणून चकव्याच्या प्रसंगात प्रत्येक चालीला फासा टाकायला लावावा, वाट दर वेळी त्याच झाडापाशी आणावी, आणि 'आम्ही बसतो' असे कोणी म्हटले की फासा न टाकता प्रसंग संपवावा. आमच्या गटाला ते सुचायला पाऊण तास लागला.

फाशाच्या आकडेमोडीला पर्याय हवा असेल तर तो कोकणात तयार आहे. कौल लावताना देवाच्या मूर्तीवर कळ्या किंवा पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात; देवळागणिक रीत बदलते, पण सर्वसाधारणपणे उजवी पडली तर होकार आणि डावी पडली तर नकार समजतात. टेबलावर यासाठी मूर्ती अजिबात आणू नये. साध्या फाशावर सम पडले तर उजवा आणि विषम पडले तर डावा, एवढे पुरते. मात्र प्रश्न हो-नाही स्वरूपाचाच असावा, एकच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा विचारू देऊ नये, आणि मिळालेले उत्तर खेळ चालवणाऱ्यावरही बंधनकारक असावे. कौलापूर्वी गाऱ्हाणे घालायला लावावे. एका खेळाडूने मालवणीत किंवा जमेल त्या मराठीत आपली अडचण देवापुढे मांडायची आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. ज्या वाक्याला सगळ्यांचा आवाज एकत्र येईल, त्याला एक गुण जास्त द्यावा. पहिल्या दोन वाक्यांना मंडळी लाजतात. पाचव्या वाक्यापर्यंत शेजारी दार वाजवतात, तेव्हा खेळाची वेळ ठरवताना याचाही विचार करावा.

मुंबईत प्रसंग बेतताना जुनी हवेली शोधण्याची गरज नाही. गोरेगावच्या आरे परिसरातील वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा होते आणि त्याच रानात बिबटे खरोखर फिरतात. वाघतोंड्या राक्षसाऐवजी हा विषय घ्यावा: पाड्यावरची कुत्री नाहीशी होत आहेत, आणि चौकशी करता कळते की बांधकामाच्या गडबडीत वाघोबाचा दगड जागचा हलला आहे. येथे बिबट्याला मारण्याने काही सुटत नाही. दगड कोणी हलवला, तो परत कोठे ठेवायचा आणि कोणाला विचारून, हे शोधणे हाच खेळ. वाघोबाला हिट पॉइंट देऊ नयेत. ज्याची आज पूजा होते, त्याला मारता येईल अशी सोय ठेवणे असभ्यपणाचे आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९८० मधील 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या देवदेवतांच्या पुस्तकात भारतीय देवांनाही हिट पॉइंट दिलेले आहेत, ते उदाहरण गिरवू नये. खेळाडूंपैकी कोणाच्या घरी कोणता देव आहे आणि काय खपणार नाही, हे पहिल्या बैठकीआधी विचारून घ्यावे.

माहितीसाठी ब्रिटिश सनदी अधिकारी एन्थोवेन यांचे १९२४ चे मुंबई इलाख्यातील लोकसमजुतींवरील पुस्तक उपयोगी पडते. त्यातील बरीचशी सामग्री नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, म्हणजे १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी ज्यांचा वध केला तेच, यांनी शाळामास्तरांकडून जमवली होती. ते वाचताना भुतांनाही जात आणि धर्म लावलेला आहे, हे लक्षात ठेवावे: मुंजा आणि ब्रह्मसमंध ब्राह्मणांचे, तर खवीस बहुधा मुसलमानाचा सांगतात. मुंज्याची जात त्याच्या गोष्टीतच विणलेली आहे, ती काढता येत नाही. खवीसाचा धर्म काढल्याने मात्र गोष्टीचे काहीच बिघडत नाही, म्हणून तो काढावा. चेटकीण या पात्राला मी हात लावत नाही, कारण त्या नावाने जिवंत बायकांचा छळ झालेला आहे आणि महाराष्ट्राला अशा प्रथांविरुद्ध २०१३ मध्ये कायदा करावा लागला आहे.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी, कोणी कोणत्या देवाला काय नवस बोलला, हे वहीत टिपून ठेवावे. खेळात केलेला नवस फेडला नाही तर तो पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या बैठकीत अडचण होऊन परत यावा: आधी एखादे दार उघडू नये, मग दिवा विझावा, मग ओळखीच्या माणसाने नाव विसरावे. आमच्या वहीत सध्या वेतोबाचा चपलांचा एक जोड बाकी आहे. ज्याने तो कबूल केला, तो नोकरीसाठी पुण्याला गेला असून व्हिडिओ कॉलवरून खेळतो, आणि त्याचा कौल सलग तीन वेळा डावा पडला आहे.