कोरडवाहू फळबाग आणि जिवंत बांध: मृगापासून हस्तापर्यंतची कामे

हलक्या, मुरमाड जमिनीवर सीताफळ, आवळा, बोर, जांभूळ किंवा चिंच लावायची असेल तर खड्ड्यांइतकाच विचार बांधाचा करावा लागतो. बांधावर काय उगवते यावर बागेत कोण येणार हे ठरते. मधमाशी, कोतवाल, पिंगळा, धामण हे तिथूनच येतात, आणि फळातला रस शोषणारा पतंग व फळमाशीही तिथूनच. त्यामुळे बांध सगळा तासून स्वच्छ करणे जसे चुकीचे, तसेच ‘निसर्गाला मोकळे सोडले’ म्हणून काहीही वाढू देणेही चुकीचे. कोणती वनस्पती, कोणत्या पिकाशेजारी, किती अंतरावर, हे पाहूनच ती ठेवायची की काढायची ते ठरवा.

आधी खड्डे. सीताफळाला ६० सेंमी लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो. आवळा, जांभूळ, चिंचेला शक्य असेल तर १ मीटरचा घ्या. अंतर सीताफळाला ५ × ५ मीटर, बोराला ६ × ६, आवळ्याला ७ × ७, जांभूळ व चिंचेला १० × १०. या हिशेबाने एकरी सीताफळाची साधारण १६०, आवळ्याची ८० आणि चिंचेची ४० झाडे बसतात. उन्हाळ्यात खड्डे घेऊन ते महिनाभर तापले असतील तर उत्तम. नसतील तर आता घ्या, पण वरची माती आणि खालचा मुरूम वेगळ्या बाजूंना टाका. भरताना तळाला १० सेंमी पालापाचोळा, त्यावर वरची माती, १५ ते २० किलो पूर्ण कुजलेले शेणखत, १ किलो निंबोळी पेंड, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात आधीच मिसळलेली ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची पावडर, असे मिश्रण घाला. खड्डा जमिनीच्या १० सेंमी वर येईल इतका भरा, कारण दोन-तीन पावसांत माती बसते आणि कमी भरलेल्या खड्ड्यात कलमाच्या बुडाशी पाणी साचते.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे अर्धवट कुजलेले शेणखत. त्यातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी, खड्ड्यात जाते आणि ऑगस्टमध्ये हिरवेगार दिसणारे रोप अचानक माना टाकते. उपटून पाहिले तर मुळे कुरतडलेली. दुसरी चूक मुरमातल्या खड्ड्याची. यंत्राने घेतलेल्या गुळगुळीत भिंतींच्या खड्ड्यात काळी माती भरली की त्याची टाकी होते, पाणी बाहेर जात नाही आणि मुळे कुजतात. पहारीने चारही भिंतींना खाचा पाडा, आणि उतारावर असाल तर खालच्या बाजूने पाण्याला वाट ठेवा.

लागवडीची घाई मृगाच्या पहिल्या सरीवर करू नका. साधारण १०० मिमी पाऊस होऊन खड्ड्यातली ओल तळापर्यंत गेली पाहिजे. सळई सहज आत गेली आणि खालची माती मुठीत दाबल्यावर गोळा झाला, की समजा वेळ आली. बहुतेक ठिकाणी हा काळ आर्द्रा ते पुनर्वसू या नक्षत्रांत येतो. मृगात लावलेली कलमे पुढच्या उघडिपीत वाळतात, तर ऑगस्टच्या मध्यानंतर लावलेल्यांची मुळे पावसाळा संपेपर्यंत खोल जात नाहीत आणि त्यांचा पहिला उन्हाळा जड जातो.

कलम निवडताना उंचीपेक्षा मुळे पाहा. पिशवीच्या तळाशी मूळ गोल वेटोळे घालून बसले असेल तर ते झाड पुढे कायम दुबळे राहते. थोडेच वेटोळे असेल तर ब्लेडने तेवढा भाग कापून लावा, गुंता असेल तर परत करा. कलमाचा जोड जमिनीपासून १० ते १५ सेंमी वर ठेवा. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी काढायची राहून जाते आणि दुसऱ्या वर्षी वाऱ्यात झाड तिथेच मोडते. जोडाखालून येणारी फूट दर पंधरवड्याला खुडा. ती जोमदार दिसते म्हणून ठेवली तर कलम मरून रानटी खुंट उरतो. आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे पावसाळ्यात पश्चिम-नैऋत्येला रोवा आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. आवळ्याची एकाच वाणाची बाग लावू नका. परागीकरण नीट व्हावे म्हणून एनए-७, कृष्णा, कांचन यांसारखे दोन-तीन वाण ओळी बदलून लावा.

आता बांध. पश्चिम व नैऋत्य बाजूला वारा अडवणारी ओळ हवी. सीताफळाच्या बाबतीत तर ती फळधारणेचाच भाग आहे. सीताफळाचे फूल आधी मादी अवस्थेत असते आणि नंतर परागकण सोडते. परागीकरण मधमाशी करत नाही, तर कुजणाऱ्या फळांत व पालापाचोळ्यात वाढणारे बारीक भुंगे करतात. कोरडा, गरम वारा लागला की फुलाचा चिकटपणा जातो आणि फूल गळते. म्हणून वाऱ्याला आडोसा आणि झाडाखाली ओलसर पाचोळ्याचा थर, या दोन गोष्टी सीताफळात खताइतक्या मोलाच्या. झाडाखाली आरशासारखी स्वच्छता ठेवणारे बागायतदार नेमके या भुंग्यांचे घर झाडून टाकतात. मात्र किडलेली, काळी पडून झाडावरच वाळलेली फळे पाचोळ्यात टाकू नका, ती वेचून खोल पुरा.

वाऱ्याच्या ओळीसाठी गिरीपुष्प सोपे. अंगठ्याहून जाड, १ ते दीड मीटर लांबीच्या काड्या पावसाच्या तोंडावर १ मीटर अंतराने ३० सेंमी खोल रोवा. दुसऱ्या वर्षापासून वर्षातून दोन-तीन छाटण्या मिळतात आणि तो पाला थेट आळ्यात आच्छादन म्हणून जातो. त्याच्या बाहेरच्या बाजूला करवंदाची दुहेरी, नागमोडी ओळ, रोपांत ४५ सेंमी अंतर. करवंदाचे बी फळातून काढल्यावर फार दिवस उगवणक्षम राहत नाही, तेव्हा मे-जूनमध्ये पिकलेल्या फळांचे बी धुऊन लगेच पेरा. तीन-चार वर्षांत त्याची जाळी गुरांना अडवते. सागरगोटा आणि शिकेकाई कोपऱ्यांवर चांगली, पण दोन्ही पसरतात, वर्षातून एकदा छाटणी लागते.

मोठ्या झाडांत पांगारा आणि पळस ठेवा. उन्हाळ्याच्या तोंडाला इतर फुलोरा कमी असताना यांच्यावर साळुंक्या, शिंजीर आणि मधमाश्या टिकून राहतात. एखादे उंबर असेल तर तोडू नका, त्याला वर्षातून अनेकदा फळे येतात. पण नवीन उंबर विहिरीच्या किंवा पाइपलाइनच्या जवळ लावू नका, त्याची मुळे बांधकाम फोडतात. फळझाडांपासून मोठी झाडे किमान १० मीटर दूर हवीत. उत्तरेच्या बांधावर ती लावली तर हिवाळ्यात सावली बागेत न पडता बाहेर पडते. ती शेजाऱ्याच्या पिकावर पडणार असेल तर आधी त्याच्याशी बोला, बांधावरचे तंटे झाड मोठे झाल्यावर सुटत नाहीत.

घाणेरी, वेडी बाभूळ आणि सुबाभूळ बांधावर नको. घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे, पण ती सगळा बांध गिळते आणि खाली दुसरे काही उगवू देत नाही.

मुद्दाम काढाव्या लागणाऱ्या काही वनस्पती अशा आहेत की त्या देशी आहेत, औषधी आहेत, आणि तरीही चुकीच्या शेजारी घातक ठरतात. डाळिंब, संत्रा, मोसंबीच्या बागेजवळची गुळवेल आणि वासनवेल हे ठळक उदाहरण. फळातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या या वेलींवर वाढतात. पतंग रात्री येऊन पिकायला लागलेल्या फळाला बारीक छिद्र पाडतो, तिथून बुरशी शिरते आणि फळ गळते. फवारणीने हा पतंग फारसा आटोक्यात येत नाही, कारण तो बागेत राहतच नाही. या बागांच्या बांधावरून दोन्ही वेली मुळासकट काढा. फक्त सीताफळ-आवळा असेल तर गुळवेल राहू द्या. तसेच कलमी बोराच्या बागेशेजारी रानबोरीची झुडपे नकोत. बोरावरची फळमाशी त्यांच्यावर टिकून राहते आणि तिचे कोष जमिनीत असतात. उन्हाळ्यात झाडाखालची माती हलकी चाळून उघडी पाडली की साळुंक्या-चिमण्या ते कोष टिपतात.

हुमणीचेही असेच. पहिल्या वळवाच्या किंवा मृगाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून बाभूळ, कडुनिंब आणि बोरीवर पाला खायला जमतात. म्हणजे बांधावरचा कडुनिंब हा सापळाच झाला, फक्त तो वापरायला हवा. रात्री आठ-नऊच्या सुमारास खाली कापड अंथरून फांद्या हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. हे काम सलग आठवडाभर, आणि शक्यतो आसपासच्या सगळ्या शेतांत एकाच वेळी व्हावे. एकट्याने केले तर शेजारचे भुंगेरे येतातच.

पाखरांसाठी पहिल्या दोन-तीन वर्षांत, झाडे लहान असताना, एकरी ८ ते १० पक्षीथांबे रोवा: अडीच मीटरचा बांबू, वर आडवी काठी. कोतवाल त्यावर बसून उडते किडे टिपतो आणि रात्री त्याच थांब्यावर पिंगळा उंदरांवर नजर ठेवतो. पिंगळा झाडाच्या ढोलीत राहतो, म्हणून बांधावरचे जुने, पोकळ झाड ते धोक्याचे नसेल तर उभे ठेवा. घुबडे आणि धामण यांच्या भरवशावर राहायचे असेल तर उंदरांना विष घालणे थांबवावे लागेल. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या तावडीत सहज सापडतो, म्हणजे ते विष घुबडाच्याही पोटात जाते.

बागेतले पिकलेले सीताफळ साळुंकी आणि खार टोचणारच. फळावरचे डोळे (खवले) उघडून त्यांच्या मधल्या खाचा पिवळसर झाल्या की फळ उतरवा, झाडावर पिकू देऊ नका. जाळी लावायचीच असेल तर बारीक छिद्रांची आणि ताणून लावा, सैल जाळीत वटवाघळे आणि साप अडकून मरतात.

पिठ्या ढेकणावर बाग फवारून काढण्याआधी मुंग्या थांबवा. मुंग्या ढेकणाच्या गोड स्रावासाठी त्याला जपतात आणि ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. खोडावर जमिनीपासून ४५ सेंमी उंचीवर १५ सेंमी रुंद प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. थेट सालीवर ग्रीस नको. हवेत दमटपणा असताना व्हर्टिसिलियम लेकॅनी ही कीड मारणारी बुरशी ५ ग्रॅम प्रतिलीटर पाण्यातून संध्याकाळी फवारा, पण त्याच्या आगेमागे आठवडाभर बुरशीनाशक घेऊ नका, नाहीतर दोन्हींचा खर्च वाया. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा. अगदीच लागले तर मधमाश्या पोळ्याकडे परतल्यावर, सूर्यास्तानंतर.

बांधावरचे गवत हा वादाचा विषय आहे, कारण तितर-लावे तिथे घरटी करतात आणि वणवाही तिथेच लागतो. यावर मार्ग असा: पावसाळाभर एक ते दीड मीटरची पट्टी उभी ठेवा, हस्त संपल्यावर कापा. एका वर्षी बांधाची एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. कापणी बागेकडून बाहेरच्या दिशेने करा म्हणजे आतले जीव बाहेर पळतात, आणि १० सेंमी बुडखे ठेवा. बांध पेटवू नका. त्याऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरात गवत वाळू लागताच बागेभोवती ३ मीटरचा पट्टा नांगरून किंवा खरवडून उघडा करा. हा जाळपट्टा करायचा राहिला आणि उभे गवत तसेच ठेवले, तर एका ठिणगीत पाच वर्षांची झाडे जातात.

रानडुकरे ओल्या आच्छादनाखाली हुमणी आणि गांडुळे शोधत झाडांभोवतीची आळी उकरतात, तेव्हा त्यांचा वावर असलेल्या भागात पावसाळ्यात आच्छादन पातळ ठेवा आणि सप्टेंबरअखेर १० सेंमी जाड करा. ते खोडापासून १० सेंमी दूर हवे, नाहीतर वाळवी सालीपर्यंत पोचते. सौरकुंपण असेल तर खालची तार जमिनीपासून २० ते २५ सेंमीवर घ्या आणि तिला टेकलेले गवत दर आठवड्याला काढा. पावसाळ्यात कुंपण ‘चालत नाही’ याचे कारण बहुतेक वेळा तेच असते. मुख्य वीजवाहिनीचा प्रवाह कुंपणात सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मरतात.

ससे आणि साळिंदर हिवाळ्यापासून साल कुरतडतात. खोडाला ७५ सेंमी उंच जाळीचा वेढा द्या, जाळी १० सेंमी जमिनीत पुरा. पावसाळा संपताच खोडाला तेवढ्याच उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत प्रत्येकी ५ लीटर पाण्यात भिजवून मग एकत्र करा. लोखंडी सळई बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे.

पहिल्या उन्हाळ्यासाठी प्रत्येक कलमाशेजारी ३० सेंमीवर ८ ते १० लीटरचे मडके गळ्यापर्यंत पुरा, बुडाला छिद्र पाडून सुती वात घाला आणि तोंड झाका. उघड्या मडक्यात सरडे, पाखरे पडून मरतात आणि डासही होतात. जनावरे-पाखरांसाठी बांधाच्या कोपऱ्यात उतरत्या कडांचे उथळ पाणवठे ठेवा, आत दोन-चार दगड टाका आणि दोन दिवसांनी पाणी बदला. बागेजवळ पाणी मिळाले की ठिबकच्या नळ्या कुरतडणे थोडे कमी होते.

प्लॅस्टिक अस्तराचे शेततळे असेल तर त्याचे काम सगळ्यात आधी करा. ओल्या अस्तरावरून उतरलेला कोल्हा, हरिण किंवा मूल परत वर चढू शकत नाही. भोवती कुंपण घाला आणि चारही कोपऱ्यांत काठापासून तळापर्यंत गाठी मारलेले जाड दोर किंवा काथ्याची जाळी सोडा, वरचे टोक काठाबाहेर खुंटीला पक्के बांधा. कठडा नसलेल्या विहिरीवर जाळी टाका. ती लगेच शक्य नसेल तर तोवर काठाभोवती काटेरी फांद्या रचून ठेवा.