मुंबईच्या गच्चीवरून डीप-स्काय: गेन आणि एक्सपोजरच्या या चुका टाळा

डीप-स्काय म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका असल्या दूरच्या अंधुक गोष्टींचे फोटो. त्यात गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती फुगवायचा तो आकडा, वाढवला म्हणून प्रकाश वाढत नाही. सांगून सांगून थकलो, तरी दर हिवाळ्यात नवा कॅमेरा घेतलेलं कुणीतरी ३०० गेनवर काढलेला पांढराफटक फोटो पाठवतंच.

मागच्या डिसेंबरात मुलुंडला एका मुलाच्या गच्चीवर गेलो. एएसआय ५३३ कॅमेरा, मृगातला तेजोमेघ, गेन ३००, एक्सपोजर ३०० सेकंद. हे आकडे त्याने वाळवंटात बसून फोटो काढणाऱ्या कुणाच्या तरी व्हिडिओतून उचलले होते. हिस्टोग्राम (फ्रेममधल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला, म्हणजे पांढऱ्याला, चिकटलेला. ट्रॅपेझियमचे, म्हणजे तेजोमेघाच्या गाभ्यातले, तारे राहू द्या, मागचं आकाशसुद्धा जळलेलं. या कॅमेऱ्यात गेन ६० ने वाढवला की पिक्सेलमध्ये मावणारा प्रकाश निम्मा होतो. म्हणजे १०० वरून ३०० वर गेलात की जेमतेम दहावा हिस्सा उरतो. मी गेन १०० आणि ३० सेकंद लावले. फ्रेम काळीकुट्ट आली आणि पोरगं हिरमुसलं. स्ट्रेच केल्यावर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये अंधुक भाग उजळल्यावर, तेजोमेघाचे पंख दिसले, गाभाही बराचसा शाबूत होता. एकच फ्रेम देखणी यावी हा हट्ट आधी सोडा. चित्र स्टॅकिंगमध्ये, म्हणजे अनेक फ्रेम एकत्र करताना, तयार होतं.

गेन १०० च का? तिथे या सेन्सरचा रीड नॉइज (फ्रेम वाचताना सेन्सर स्वतः घालतो तो गोंगाट) एकदम उतरतो, साधारण दीड इलेक्ट्रॉनवर येतो. तुमच्या कॅमेऱ्याचा असा आकडा कंपनीच्या आलेखात बघून घ्या. मी तो एकदा लावला की त्याला हात लावत नाही.

सेकंद मात्र आकाशाला विचारून ठरवा. चाचणीची फ्रेम घ्या, रिकाम्या आकाशाच्या मीडियनमधून (पिक्सेलच्या मधल्या किमतीतून) बायसचा, म्हणजे झाकण लावून कमीत कमी वेळात काढलेल्या फ्रेमचा, मीडियन वजा करा आणि ५३३ ला गेन १०० असेल तर चारने भागा. हे झाले इलेक्ट्रॉन. रीड नॉइजच्या वर्गाच्या दहापट, म्हणजे २३ च्या आसपास मिळाले की पुरे. मुंबईच्या उजेडात एफ/५ च्या दुर्बिणीला, फिल्टर नसताना, त्याला काही सेकंदच लागतात. मी ३० वर थांबतो. त्यापुढे ताऱ्यांचे रंग जातात आणि विमानाची रेघ आली तर मोठी फ्रेम वाया जाते. ड्युअल नॅरोबँड फिल्टर (तेजोमेघाच्या प्रकाशाचे दोन अरुंद पट्टे सोडून बाकी उजेड अडवणारा) असेल तर १२० ते १८० सेकंद. वांगणी-मुरबाडकडच्या काळोखात गेलात तर हिशेब नव्याने करा.

पाच-पाच सेकंदांच्या फ्रेम काढू नका. तासाला ७२० फाइल होतात, लॅपटॉप रडतो.

ऑक्टोबरच्या उकाड्यात कॅमेऱ्याचा सेन्सर गार करणाऱ्या कूलरला उणे १० मागू नका, तो शंभर टक्क्यांवर धापा टाकतो. शून्य अंश चालतं.

डार्क फ्रेम (झाकण लावून काढलेल्या, सेन्सरचा गोंगाट वजा करायच्या) फोटोच्याच गेनच्या, त्याच ऑफसेटच्या (कॅमेरा सिग्नलमध्ये मिळवतो त्या ठरावीक आकड्याच्या), तेवढ्याच सेकंदांच्या आणि त्याच तापमानाच्या हव्यात. रोज गेन बदलणाऱ्यांचे डार्क म्हणूनच कधी जुळत नाहीत.

आणि अर्ध्या तासात गाशा गुंडाळू नका. नॉइजच्या तुलनेत सिग्नल दुप्पट हवा असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. त्याला कुठलंही सेटिंग पर्याय नाही.