घरचा कॅम्पर ट्रेलर बनवताय? उचलत्या छपराच्या या चुका टाळा

कॅम्पर ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची झोपायची खोली. उचलतं छप्पर एका कडेच्या बिजागरीवर तिरकं उघडतं आणि बाजूंची मोकळी जागा कॅनव्हासने झाकते. छप्पर उघडल्यावर आत उभं राहता येईल का, याच विचारात बहुतेकांचा कागदावरचा वेळ जातो. त्रास मात्र मिटलेलं छप्पर देतं. रस्त्यावर आणि पावसात ते तसंच असतं.

बिजागरी मागच्या बाजूला लावणं
धावत्या गाडीत पुढची कडी निसटली, तर वारा खाली शिरून अख्खं छप्पर उचकटतो. म्हणून बिजागरी पुढेच हवी. मग उंची मागे मिळते: २.२ मीटरचं छप्पर २५ अंश उघडलं, तर मागची कड ९३ सेंटिमीटर वर जाते. ओटा आणि दार तिथेच घ्या, झोपायची जागा पुढे.

गॅस स्ट्रट नुसत्या वजनावर निवडणं
गाडीच्या डिकीचं झाकण उचलून धरतात तेच हे गॅसचे दांडे. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. छप्पर ४५ किलोचं, दांडे दोन, म्हणजे प्रत्येकी साडेबावीस किलो, म्हणजे साधारण २२० न्यूटन, असा हिशेब करून आणलेल्या दांड्यांवर छप्पर टिकतच नाही. वजन बिजागरीपासून १.१ मीटरवर लागतं. दांड्याचा जोर मात्र, छप्पर पूर्ण उघडल्यावरही, बिजागरीपासून जेमतेम ३५ सेंटिमीटरवर. बिजागरीच्या जितकं जवळ, तितका जोर जास्त लागतो, म्हणून या मापांना प्रत्येकी सुमारे ६३० न्यूटन लागतात. थोडी सूट धरून ७०० चे घ्या.

मिटलेल्या छपरात दांड्याचं हे अंतर १२ सेंटिमीटरवर येतं, त्यामुळे सुरुवातीला मागच्या कडेला १२-१५ किलोचा जोर हाताने लावावा लागतो. तो वाचवायला लोक दुप्पट ताकदीचे दांडे बसवतात. मग मिटलेलं छप्पर मधून फुगतं, कड्या ताणल्या जातात आणि उघडताना ते हातातून सुटून उसळतं.

दांडा प्लायवर नुसत्या स्क्रूने बसवू नका. मागून लोखंडी पट्टी देऊन आरपार बोल्ट मारा. शिवाय, आत माणूस झोपणार असेल तर फक्त गॅसच्या भरवशावर राहू नका. पिन अडकवायचा एक टेकू हवाच.

रबराची जाडी विसरणं
बिजागरीची पिन भिंतीच्या काठाला लावली, की पुढचं रबर आधीच चिरडतं आणि मागे फट राहते. दाबल्यावर रबर जेवढं जाड उरतं, तेवढी पिन वर घ्या. छपराची कड चारही बाजूंनी भिंतीवरून खाली उतरू द्या. नुसत्या रबरावर कोकणातला पाऊस थांबत नाही. गळती शोधताना पाइपने फक्त वरून पाणी मारू नका, पुढूनही मारा, कारण रस्त्यावर पाणी तिकडून येतं.

कॅनव्हास चिमटणं
बंद करताना कापड कडेत अडकून फाटतं. मध्यावर आतून इलॅस्टिकची दोरी ओवली, की घड्या आत पडतात. ओलं कापड मिटून ठेवलं तर बुरशी ठरलेली.

छपराखेरीज दोन गोष्टी. पाण्याची टाकी एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) थोडी पुढे घ्या. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीला जोडणाऱ्या हूकवर आला नाही, तर ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो. आणि वेल्डिंग सुरू करण्याआधी आरटीओत नोंदणीचं विचारून घ्या, नंतर चॅसी कापत बसणं महागात पडतं.