मेल क्लाउडवर नेताय? आधी यंत्रांची यादी करा

एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ऑफिसातला मेल सर्व्हर मायक्रोसॉफ्ट ३६५ या क्लाउडवर न्यायची घाई सगळ्यांनाच आहे. घाई करा, पण लायसन्स घेण्याआधी एक वही घेऊन कारखानाभर फिरा. मेल फक्त माणसं पाठवत नाहीत. डिस्पॅचमधलं झेरॉक्स मशीन चलन स्कॅन करून पाठवतं, ईआरपी (कारखान्याचा माल-हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) पेमेंटची माहिती पाठवतं, पगाराचं सॉफ्टवेअर पगारपत्रकं पाठवतं. शिवाय यूपीएस, हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बॅकअप. यातली बहुतेक जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता धरून २५ नंबरच्या पोर्टवर (सर्व्हरच्या मेलच्या दारावर), बिनपासवर्ड मेल टाकत असतात. सर्व्हर बंद झाला की ते मेल जायचे थांबतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. माणूस लगेच फोन करतो, यूपीएस करत नाही. गेल्या वेळी आमच्याकडे नेमकी हीच यादी राहिली होती.

फिरून झालं की लॉग बघा, आठवणीवर भागत नाही. रिलेसाठी, म्हणजे यंत्रांचे मेल पुढे पाठवण्यासाठी, सर्व्हरवर वेगळा रिसीव्ह कनेक्टर (मेल आत घेणारी वाट) बनवला असेल तर त्याचं प्रोटोकॉल लॉगिंग (कोण कधी जोडलं याची नोंद) मुळात बंद असतं. ते आजच सुरू करा आणि पूर्ण महिना चालू द्या, कारण पगारपत्रकं महिन्यातून एकदाच जातात. फॉर्म १६ तर वर्षातून एकदा. तो महिनाभराच्या लॉगमध्ये सापडेलच असं नाही, अकाउंट्सला तोंडी विचारा.

मग वहीत प्रत्येक यंत्रापुढे लिहा, त्याला टीएलएस १.२ (मेल सांकेतिक करून पाठवायची पद्धत) येतं का. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ५८७ पोर्टवर लॉगिन करून पाठवायचं तर ते लागतंच, आणि जुन्या झेरॉक्स मशीनला ते बहुधा येत नाही. तिथे मिनिटाला ३० मेलची मर्यादाही आहे, पगारपत्रकं एका दमात सोडणारं सॉफ्टवेअर अडखळणार. नुसत्या पासवर्डवर मेल पाठवायची सोय मायक्रोसॉफ्ट बंद करत आणतंय, तिच्यावर नवं काही उभारू नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कंपनीच्या स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीवर कनेक्टर करा किंवा आत एक छोटा रिले ठेवा. कनेक्टरकडे मेल २५ पोर्टवरून जातो, म्हणून इंटरनेटवाल्याने बाहेर जाणारा २५ पोर्ट अडवलाय का, हे आधी विचारा. आणि प्रत्येक यंत्रावरून एक खरा मेल पाठवून बघितल्याशिवाय त्यापुढे टिक करू नका. झेरॉक्सवाल्याच्या इंजिनिअरने ‘होऊन जाईल’ म्हटलं तरी नाही.

माणसांच्या मेलबॉक्सची यादी एचआरकडून तपासून घ्या. शेअर्ड मेलबॉक्स, ग्रुप, मीटिंग रूम, फॉरवर्डिंग. लोकांच्या डेस्कटॉपवरच्या पीएसटी फाइली (आउटलुकने साठवलेले मेल) शोधा. मेलबॉक्स हाताने नव्याने बनवणार असाल तर एक्स्चेंज आतल्या मेलसाठी वापरतं ते जुने एक्स५०० पत्ते त्यात घाला, नाहीतर आतल्या आत जुन्या मेलला दिलेली उत्तरं परत येतात.

डीएनएस (डोमेनच्या नोंदी): एमएक्सचा, म्हणजे मेल कुठे यायचा ते सांगणाऱ्या नोंदीचा, टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. एसपीएफ रेकॉर्ड (तुमच्या नावाने कुठून मेल निघू शकतो याची नोंद) एकच ठेवा, दोन झाले तर तपासणीच फसते. त्यात कंपनीचा स्टॅटिक आयपी राहू द्या, यंत्रांचे मेल तिथूनच निघणार आहेत. डीकेआयएमचे (मेलवरच्या डिजिटल सहीचे) दोन्ही सीनेम रेकॉर्ड घाला.

कटओव्हर, म्हणजे प्रत्यक्ष बदल, शुक्रवारी संध्याकाळी करा. टीडीएसची ७, जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बीची २० तारीख जवळ असेल तर नको, अकाउंट्सला पोर्टलचे ओटीपी मेलवर लागतात. एमएक्स बदला, आउटलुकला सर्व्हरचा पत्ता सांगणारा आतला ऑटोडिस्कव्हर काढा, नाहीतर आउटलुक जुन्याच सर्व्हरकडे जात राहील. मोबाइलवर खाती नव्याने जोडायला सोमवारी दोन माणसं मोकळी ठेवा.

जुना सर्व्हर चालू राहू द्या आणि त्यावरच्या रिले कनेक्टरचा लॉग रोज बघा. एकही यंत्र तिथे येत नाही आणि महिन्याची पगारपत्रकं नव्या वाटेने गेली, हे दिसलं की मगच बंद करा.