मद्याविना कॉकटेल: सहा रसांच्या हिशेबाने

उपाहारगृहात मॉकटेल मागवले की बहुतेक वेळा फळांचा डबाबंद रस, एखादे रंगीत सिरप आणि वरून सोडा एवढेच पेल्यात येते. त्यात गोड आणि आंबट हे दोनच रस असतात. खारट, तिखट, कडू आणि तुरट या उरलेल्या चौघांना तिथे जागाच नसते. म्हणून ते पेय चार घोटांत संपते किंवा गोडाने तोंड मिटून अर्धे तसेच राहते. न पिणाऱ्या पाहुण्याच्या हाती असे काही ठेवून त्याची बोळवण करणे मला पटत नाही. जी काळजी आपण जेवणाच्या ताटाची घेतो, तीच या पेल्याचीही घ्यायला हवी आणि घरच्या स्वयंपाकघरात ती सहज घेता येते.

मूळ कॉकटेलमध्ये मद्य नेमके कोणते काम करते, हे आधी ध्यानात घ्यावे. मद्याने घशाला चटका बसतो, त्यामुळे माणूस आपोआप लहान घोट घेतो. साली, मसाले आणि मुळे यांतील जी सुगंधी तेले पाण्यात फारशी उतरत नाहीत, ती मद्यात विरघळतात. लाकडी पिंपात मुरलेल्या मद्यात तुरटपणा येतो, बिटर्समधून, म्हणजे कडू मुळे आणि साली मद्यात मुरवून केलेल्या, थेंबाथेंबाने वापरायच्या अर्कातून, कडवटपणा येतो आणि पेयाला थोडा जडपणाही मिळतो. मद्य काढून टाकले की ही सगळी कामे रिकामी राहतात आणि प्रत्येक कामावर कोणाला तरी नेमावे लागते.

तुरटपणासाठी चहासारखा दुसरा सोबती नाही. बारीक दाणेदार चहा मात्र इथे चालत नाही. पानांचा चहा घ्यावा आणि त्यातही निलगिरीचा मिळाल्यास उत्तम, कारण तो थंड झाल्यावरही बराच नितळ राहतो. अडीचशे मिली गार पाण्यात 10 ग्रॅम पत्ती घालून भांडे झाकून सहा ते आठ तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि मग बारीक गाळणीने गाळावे. उकळून केलेला कडक चहा थंड केला की त्यातील टॅनिन आणि कॅफीन एकत्र येऊन तो गढूळ होतो आणि त्याचा तुरटपणाही बोचरा लागतो. गार पाण्यात उतरलेला चहा नितळ आणि सौम्य राहतो.

कडवटपणासाठी संत्र्याची साल आतल्या पांढऱ्या भागासकट वापरावी. दोन संत्र्यांच्या साली, दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन लवंगा आणि चमचाभर ठेचलेल्या कॉफीच्या बिया दोनशे मिली पाण्यात मंद आचेवर निम्मे पाणी उरेपर्यंत उकळाव्यात. हा काढा गाळून काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवला की आठवडाभर टिकतो. एका पेल्याला दोन लहान चमचे पुरतात.

तिखटासाठी आले सगळ्यांना सुचते आणि ते चांगलेच असते; पण माझे मत तिरफळाच्या बाजूने आहे. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत आमसूल आणि तिरफळ एकत्र येतात, ती जोडी पेल्यातही तितकीच जमते, कारण तिरफळाने जिभेवर येणारी झिणझिण मद्याच्या चटक्याची उणीव बरीचशी भरून काढते. सुक्या तिरफळातील काळी बी काढून टाकावी, फक्त टरफल वापरावे. शंभर ग्रॅम गूळ शंभर मिली पाण्यात गरम करून विरघळवावा, आच बंद करावी आणि मगच जरा ठेचलेली दहाबारा टरफले त्यात घालून वीस मिनिटे झाकून ठेवावीत. टरफले पाकाबरोबर उकळत ठेवली तर वास उडून जातो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो. पाक गाळून थंड करावा.

आता हे सगळे एकत्र आणू. बिनमिठाची 25 ग्रॅम आमसुले अडीचशे मिली कोमट पाण्यात तासभर भिजवून, हाताने कुस्करून गाळून घ्यावीत. पाणी गडद लालजांभळे व्हायला हवे. मिठातली आमसुले मिळाली तरी हरकत नाही, मात्र मग पुढे वेगळे मीठ घालू नये. या पाण्याचे 60 मिली, थंड चहाचे 30 मिली, तिरफळाच्या पाकाचे 20 मिली आणि छोले शिजवलेले 20 मिली पाणी असे मोजून घ्यावे. शेवटचा घटक वाचून कोणी दचकेल, पण काबुली चणे मीठ न घालता शिजवल्यावर उरलेले पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके दाट केले की ते घुसळल्यावर छान फेस धरते आणि पेयाला हवा तो जडपणा देते. चण्याचा वास पेयात जाणवत नाही.

हे मिश्रण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा शेकरमध्ये घालून आधी बर्फाशिवाय पंधरा सेकंद जोरात हलवावे, म्हणजे फेस तयार होतो. मग बर्फाचे मोठे खडे घालून आठ-दहा सेकंदच हलवावे. मद्याचे कॉकटेल हलवताना बर्फ वितळून त्यात बरेच पाणी मिसळते आणि ते तिथे हवेच असते, कारण मूळ पेय तीव्र असते. आपल्या पेयात पाणी आधीपासूनच भरपूर आहे, त्यामुळे जास्त हलवले की चव फिकी पडते. चहाच्या गाळणीतून ते फ्रीझरमध्ये पंधरा मिनिटे थंड केलेल्या लहान पेल्यात ओतावे. वर पांढुरका फेस आणि खाली कोकमाचा रंग दिसला की जमले असे समजावे.

ज्याला आंबट नको, त्याच्यासाठी ढवळून करायचे पेय वेगळे आहे. एका मोठ्या बर्फाच्या ठोकळ्यावर 75 मिली थंड चहा, 10 मिली दाट गुळाचा पाक (दोन भाग गूळ, एक भाग पाणी) आणि 10 मिली संत्र्याच्या सालीचा काढा घालून वीस सेकंद चमच्याने हळुवार ढवळावे. मग संत्र्याच्या सालीचा रुपयाएवढा तुकडा, रंगीत बाजू पेल्याकडे करून, बोटांनी दाबावा. उजेडासमोर धरून दाबला तर तेलाचा बारीक फवारा पेयावर उडताना दिसतो. नाकाला जो पहिला वास येतो तो याच तेलाचा. नितळ पेये ढवळावीत आणि रस किंवा फेस असलेली हलवावीत, हा बारमधला जुना दंडक इथेही लागू पडतो. सोडा मात्र कधीही डब्यात घालून हलवू नये. तो पेल्यात शेवटी घालावा.

मिठाचा विसर पडू देऊ नये. वीस ग्रॅम मीठ 80 मिली पाण्यात विरघळवून एका ड्रॉपरच्या बाटलीत भरून ठेवावे आणि प्रत्येक पेल्यात दोन-तीन थेंब टाकावेत. पेय खारट लागत नाही, पण कडवटपणा मवाळ होतो आणि फळाची चव पुढे येते.

जून-जुलैत जांभळे आली की त्यांचा व्हिनेगरमधला पाक आवर्जून करावा, कारण आंबट, गोड आणि तुरट हे तिन्ही रस त्यात एकत्र मिळतात. बिया काढलेला अडीचशे ग्रॅम गर आणि तेवढीच साखर एकत्र करून दिवसभर फ्रिजमध्ये ठेवावी, सुटलेला रस गाळावा, त्यात दोनशे मिली ॲपल सायडर व्हिनेगर मिसळावे आणि बाटली आठवडाभर फ्रिजमध्येच मुरू द्यावी. ताज्या मिश्रणात व्हिनेगर नाकात जाते. आठवड्यानंतर ते फळात मिसळून जाते. याचे 30 मिली, थंड सोडा 120 मिली आणि मिठाचे दोन थेंब एवढेच एका पेल्याला लागते.

लिंबाचा रस लागेल तेव्हा तो त्याच दिवशी पिळलेला असावा, बाटलीतला नसावा. मापासाठी खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारे मिलीच्या खुणांचे टोपण स्वच्छ धुऊन वापरले तरी भागते. अंदाजाने ओतू नये, कारण पाच मिली पाक जास्त झाला तरी सगळा तोल गोडाकडे झुकतो.

कोणी श्रद्धेमुळे, औषधोपचारांमुळे किंवा व्यसन सोडल्यामुळे मद्य पूर्ण वर्ज्य करत असेल, तर बाजारातल्या बाटल्यांची चिठ्ठी वाचल्याशिवाय त्या वापरू नयेत. अँगोस्टुरा बिटर्समध्ये 44.7 टक्के अल्कोहोल असते, आणि नॉन-अल्कोहोलिक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेयांतही अर्ध्या टक्क्यापर्यंत ते असू शकते. अशा पाहुण्यासाठी वर सांगितलेला संत्र्याच्या सालीचा काढाच वापरावा आणि पेल्यात काय काय घातले आहे, हे त्याने विचारण्याआधीच सांगावे.