संगीतकाराच्या हातचा ऑर्केस्ट्रा स्कोअर विकत घ्यायचा असेल तर

ऑर्केस्ट्रा स्कोअर म्हणजे वाद्यवृंदातल्या सगळ्या वाद्यांचे नोटेशन एकत्र लिहिलेली संहिता. नोव्हेंबर २०१६ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेच्या लंडनमधल्या लिलावात संगीतकार गुस्ताव माहलरच्या दुसऱ्या सिंफनीचे, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचे, हस्तलिखित ४५ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेले. त्याच लिलावात बेथोव्हेनचे म्हणून मांडलेले एक पान मात्र विकलेच गेले नाही. अक्षर बेथोव्हेनचे नसून रचना उतरवून घेणाऱ्या लेखनिकाचे आहे, असे बॅरी कूपर या अभ्यासकाने आधीच म्हटले होते. या व्यवहारात उतरायचे असेल, तर ही दोन्ही उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

आधी कागद कोणत्या जातीचा ते ठरवा. कच्चे टाचण, संगीतकाराने स्वतः लिहिलेला पूर्ण स्कोअर, लेखनिकाने उतरवलेली प्रत, एकेका वाद्याचे सुटे भाग आणि छापखान्याकडून तपासायला आलेली मुद्रिते, सगळे जुने आणि पिवळेच दिसते. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. लेखनिकाच्या प्रतीवर संगीतकाराने स्वतः दुरुस्त्या केल्या असतील, तर तिचेही मोल चांगले असते.

मग खाडाखोड वाचा. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. नक्कल करणारा उतरवत जातो, म्हणून त्याचे पान बहुधा नितळ असते. संगीतकार मात्र ओबो या वाद्याची ओळ खोडून क्लॅरिनेटला देतो, चार मात्रा काट मारून पुन्हा लिहितो, समासात खुणा करतो. प्रत्येक दुरुस्तीला ‘ही कशासाठी?’ असे विचारा. सांगीतिक कारण सापडले, तर पान बोलू लागते. सगळ्यांचेच पान खाडाखोडीचे नसते हे खरे. म्हणून त्याच माणसाच्या, त्याच वर्षांतल्या खात्रीच्या पानांशी अक्षर ताडून पाहा. त्यासाठी हुबेहूब छापलेल्या प्रती उपयोगी पडतात. माहलरच्या या हस्तलिखिताची तशी प्रत तेव्हाचे मालक गिल्बर्ट कॅप्लन यांनी १९८६ मध्ये काढली होती. नवशिक्याने पहिली खरेदी अशा प्रतीची करावी.

कागद उजेडासमोर धरा. जलचिन्हावरून, म्हणजे उजेडात दिसणाऱ्या कागदातल्या खुणेवरून (वॉटरमार्क), कागदाची गिरणी आणि काळ यांचा माग लागतो. ॲलन टायसन या अभ्यासकाने मोझार्टच्या कित्येक रचनांच्या तारखा अशाच तपासल्या. पण जुना कागद एवढाच पुरावा धरू नका. मिलानचा टोबिया निकोत्रा हा भामटा वाचनालयांतल्या जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडून त्यांवर मोझार्ट आणि पेर्गोलेसी या संगीतकारांच्या नावाने हस्तलिखिते ‘लिहीत’ असे. विक्रेता मूळ कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर उठून निघावे. १९९३ मध्ये संगीतकार हायडनच्या ‘सापडलेल्या’ सोनाटांच्या (पियानोसारख्या वाद्यासाठीच्या रचनांच्या) नुसत्या झेरॉक्स फिरत होत्या, आणि सोनाटा बनावट निघाल्या.

मालकीची साखळी मागा. माहलरच्या पत्नीने, आल्माने, ते हस्तलिखित १९२० मध्ये डच वाद्यवृंद-संचालक (कंडक्टर) मेंगेलबर्ग यांना दिले. पुढे ते कॅप्लन यांच्याकडे, मग लिलावात, आणि शेवटी क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राकडे गेले. साखळी अशी असावी, पत्रे आणि पावत्यांसह. मधली चाळीस वर्षे कोरी असतील, विशेषतः युरोपातल्या नाझी राजवटीची, तर चोरीचा किंवा लुटीचा माल नाही ना, हे आधी तपासा.

कायदा. कागद विकत घेतला म्हणजे रचना छापायचा हक्क मिळत नाही. कॉपीराइट वेगळा असतो, आणि भारतात तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. काही देशांत मौल्यवान हस्तलिखित बाहेर न्यायला परवाना लागतो. भारतातही ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाचे, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावस्तू ठरते, आणि ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

हे आपल्याकडेही लागू पडू शकते. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतासाठी अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजरांनी, म्हणजे चालीची वाद्यवृंदासाठी मांडणी करणाऱ्यांनी, वाद्यवृंदाचे नोटेशन हाताने लिहिले. अशा कुणा अरेंजरच्या घरच्या ट्रंकेत बाड निघाले, तर रद्दीवाल्याला देऊ नका. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, पिना सोडवताना ओढाताण करू नका. कोरड्या, स्वच्छ हातांनी पाने आहेत त्याच क्रमाने आम्लमुक्त कागदी फोल्डरमध्ये ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बुरशी आणि कसर पाहा.