पोटाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी आयर्नचं सलाईन: या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उशीर. एंडोस्कोपी झाली, बायोप्सी आली, ऑपरेशनची तारीख पण मिळाली आणि हिमोग्लोबिन ८ आहे हे कोणाच्या लक्षात येतं तर ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी! आयर्न शिरेतून दिलं तरी त्याचं रक्त बनायला वेळ लागतोच ना, चांगला फरक दिसायला साधारण ३-४ आठवडे जातात. म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात आयर्न वाहून नेणाऱ्या प्रोटीनवर किती टक्के आयर्न आहे ते) या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. आधी केमो असेल तर तो वेळ आयताच मिळतो, तो वाया घालवू नका.

रिपोर्ट वाचतानाही गडबड होते. फेरिटिन ६० म्हणजे नॉर्मल, असं समजून लोक निवांत होतात, पण कॅन्सरमध्ये शरीरात सूज असते आणि त्या सुजेनेच फेरिटिन फुगतं. अशा वेळी १०० च्या खाली आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर आयर्न कमीच धरतात.

"गोळ्या चालू आहेत की" हे तर नेहमीचंच. गाठीतून रक्त जातंय, वर ॲसिडिटीच्या गोळ्या, त्यात सुजेमुळे हेपसिडिन (आयर्न आत घेणं रोखणारं हार्मोन) वाढून आतडं आयर्न आत घेतच नाही, मग गोळी काय करणार? शिवाय गोळ्यांनी शी काळी होते आणि रक्तस्राव होतोय का तेच कळत नाही.

डोसही अंदाजे नको. ६० किलो वजन, हिमोग्लोबिन ८ वरून १३ वर न्यायचं तर वजन × हिमोग्लोबिनमधला फरक × २.४, अधिक साठ्यासाठी ५००, म्हणजे ६० × ५ × २.४ + ५०० = १२२० मिलिग्रॅम आयर्न. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० च देतात, त्यामुळे एक बाटली लावून घरी आलात तर काम अर्धवटच राहिलं. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज हे दुसरं आयर्नचं औषध एका वेळी १००० पर्यंत देता येतं, पण त्याने रक्तातलं फॉस्फेट उतरू शकतं, खूप थकवा किंवा हाडं दुखली तर सांगा.

ताप किंवा इन्फेक्शन असेल तर ते लपवू नका, सलाईन पुढे ढकलतात. सुईजवळ दुखलं, सुजलं तर लगेच नर्सला हाक मारा, औषध बाहेर झिरपलं तर तपकिरी डाग पडतो आणि तो लवकर जात नाही. संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा, रिॲक्शन क्वचित येते पण आली तर दवाखान्यात असलेलं बरं.

आणि हो, याने रक्त चढवावं लागणारच नाही असं धरून चालू नका. २०२० च्या प्रिव्हेंट ट्रायलमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी हे दिलं तरी रक्त द्यायचं प्रमाण काही कमी झालं नव्हतं, हिमोग्लोबिन मात्र नंतर जास्त राहिलं. पूर्ण जठर काढलं तर पुढे बी१२ ची इंजेक्शनं लागतात, ती कमतरता आयर्नने भरून निघत नाही, डिस्चार्जच्या वेळीच विचारून ठेवा.